ब्रेकखाली जाणारे इंधन

(साताऱ्यात वाहनचालक, ट्रॅक्टरमालक आणि नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

पोवई नाक्यावरून किंवा महामार्गाने इथे येताना पंपावरचा दराचा फलक ज्याने पाहिला नाही, असा माणूस या सभागृहात क्वचितच असेल. मी एसटीत चालक म्हणून लागलो, सातारा, कराड, पाटण, महाबळेश्वर या बाजूंना अनेक वर्षे गाडी चालवली आणि नोकरीच्या उत्तरार्धात नव्या चालकांना शिकवण्याचे काम केले. त्यामुळे निवृत्तीनंतरही ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, दर कधी उतरणार? त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र दर कसा ठरतो हे आपण थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे आपल्या हातात काय उरते हे नीट कळेल.

आपला देश गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये मोजतो. म्हणून तेल महागले तर आपल्याला झळ बसतेच, पण तेलाचा भाव जागच्या जागी राहून रुपया घसरला तरीही बसते. त्यावर शुद्धीकरण आणि वाहतुकीचा खर्च, पंपचालकाचे कमिशन, केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर चढतो. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेरच राहिले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, तेव्हा तेल उतरले की पंपावरचा दरही उतरेल अशी सर्वांची समजूत होती. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. पण मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवले, आणि ती स्वस्ताई आपल्या टाकीपर्यंत पोहोचली नाही. पुढे मे २०२२ मध्ये पेट्रोलवरचे शुल्क ८ आणि डिझेलवरचे ६ रुपयांनी कमी झाले. कराच्या या भागाबद्दल नागरिकांनी बोलत राहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि ते बोलणे चालू असतानाही उद्या सकाळी गाडी बाहेर काढावीच लागते, आणि त्या गाडीतले इंधन कुठे जाते हा आजचा विषय आहे.

एसटीच्या आगारात केपीटीएल हा शब्द रोज कानावर पडतो. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, असा त्याचा अर्थ. एकच गाडी, एकच मार्ग, जवळपास सारखेच प्रवासी असूनही दोन चालकांच्या केपीटीएलमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडतो, हे मी कित्येक वर्षे पाहत आलो. सुरुवातीला मला वाटे की कमी डिझेल जाळणारा चालक गाडी हळू चालवत असेल. अशा चालकाच्या शेजारी बसून प्रवास केल्यावर उलगडा झाला. तो वेळेवरच पोहोचत होता. त्याचा पाय ब्रेकवर कमी जात होता, एवढाच फरक होता.

हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. सव्वा टन वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाला न्यायची, तर फक्त तो वेग तिच्या अंगात भरण्यासाठी साधारण २० मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे औषधाचे चार चमचे. समोर गतिरोधक दिसला आणि आपण कचकन ब्रेक मारला की त्या चार चमच्यांची उष्णता होऊन ब्रेकच्या डिस्कवाटे हवेत निघून जाते. गतिरोधक ओलांडून पुन्हा ६० चा वेग घेतला की आणखी चार चमचे. असे ५० वेळा झाले की एक लिटर पेट्रोल आपण कुठेही न जाता संपवले. हेच गणित बारा टनांच्या भरलेल्या बसला लावले, तर दर वेळी सव्वाशे मिलिलिटरहून अधिक डिझेल जाते. चांगला चालक दोनशे मीटर पुढचा गतिरोधक, सिग्नल, वळण किंवा रस्त्यावर येऊ पाहणारी म्हैस आधीच हेरतो, एक्सलेटरवरचा पाय वेळेत उचलतो आणि भरलेला वेग चाकांनाच वापरू देतो. पुढच्या गाडीला चिकटून चालणाऱ्याला हे जमणे शक्य नाही, कारण त्याला पुढचे काही दिसतच नाही. पुढच्याचा ब्रेकचा दिवा लागला की याला ब्रेक मारावाच लागतो. अंतर ठेवून चालण्याची सवय अपघात टाळण्यासाठी म्हणून आम्ही शिकवत असू, पण डिझेलच्या हिशेबातही तिचे मोल तेवढेच आहे.

आता घाटाकडे येतो. आपला जिल्हा घाटांचा आहे, आणि इंधन वाचवण्याची सर्वांत घातक पद्धत याच घाटांत वापरली जाते. वाईपेक्षा पाचगणी साडेपाचशे मीटरहून अधिक उंच आहे. पसरणीचा घाट चढताना सव्वा टनाची मोटार केवळ उंची गाठण्यासाठी पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल खाते. रस्त्यावरचा रोजचा खर्च वेगळा. हे पेट्रोल वाया गेलेले नसते, ते उंचीच्या रूपाने गाडीत साठलेले असते, आणि उतरताना ते परत मिळवावे ही चालकाची इच्छा अगदी रास्त आहे. चूक होते ती पद्धतीत. पुष्कळ चालक उतार लागला की गाडी न्यूट्रल करतात, काही जण तर इंजिनच बंद करतात.

ही सवय कुठून आली तेही पाहिले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेल्या गाड्यांमध्ये पाय उचलला तरी इंजिन थोडेफार पेट्रोल ओढत असे, त्यामुळे जुन्या चालकांनी न्यूट्रलची युक्ती काढली आणि ती गुरूकडून शिष्याकडे आली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतही, परिस्थिती उलट झाली आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर पूर्ण सोडला की चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि गाडीतला संगणक इंधनाचा पुरवठा थांबवतो. त्याउलट न्यूट्रल केल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावेच लागते. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रल करणारा चालक गिअरमध्ये उतरणाऱ्यापेक्षा जास्त पेट्रोल जाळतो. डिझेल गाडीतही गिअरमध्ये पाय उचलल्यावर पंप डिझेल देणे थांबवतो.

बचत होत नाही ती नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक, म्हणजे गिअरमधल्या इंजिनामुळे चाकांना बसणारा अटकाव, हातचा जातो. सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली चुकून पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. पाचगणीहून वाईकडे एका लग्नाच्या जीपमधून आम्ही उतरत होतो. चालक नात्यातलाच, तरुण, हौशी. त्याने वरूनच न्यूट्रल केले. अर्ध्या घाटात जळकट वास आला, आणि शेवटच्या वळणांपर्यंत ब्रेकचे पायडल स्पंजासारखे खाली जाऊ लागले. मी त्याला तिसऱ्या आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये यायला सांगितले, कडेला जागा मिळताच गाडी थांबवली आणि अर्धा तास आम्ही बारा माणसे, त्यात चार मुले, रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्या उतरणीत वाचले असे त्याला वाटणारे डिझेल पेलाभरही नव्हते. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे हे सांगतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरताना जे एस आकाराचे वळण आहे, तिथे अवजड गाडी न्यूट्रलमध्ये आणणाऱ्याने आपल्या पुढच्या प्रत्येक गाडीचा जीव टांगणीला लावलेला असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

महामार्गावरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे ब्रेक कमी लागतो, पण हवा आडवी येते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून अधिक होतो. साताऱ्याहून पुण्याचे अंतर ११० किलोमीटर धरले, तर १०० च्या वेगाने वाचणारा वेळ कागदावर साडेसोळा मिनिटांचा आहे, आणि खेड शिवापूर ते कात्रज या टप्प्यातली गर्दी त्यातला किती शिल्लक ठेवते हे तुम्ही जाणताच. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटन ही केंद्राची संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करते. चौपदरी-सहापदरी महामार्गावर इतक्या कमी वेगाने चालणे मोटारीला नेहमी सोयीचे नसते, हे मी मान्य करतो. परंतु ७० ते ८० मध्ये स्थिर राहणे प्रत्येकाला शक्य आहे. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवून ठेवा, तेही हवेलाच अडवते.

चाकातल्या हवेबद्दल फार बोलत नाही. पाच-सहा पाउंड हवा कमी असली तर एक-सव्वा टक्का इंधन जास्त जाते आणि टायरही कडेने झिजतो. पंधरा दिवसांतून एकदा, गाडी थंड असताना हवा तपासली की पुरे. सकाळच्या गारव्यात पेट्रोल भरले की जास्त मिळते या समजुतीत तथ्य नाही, कारण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान सकाळ-दुपार फारसे बदलत नाही. मापाबद्दल शंका आली तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते. ते मागून घ्यावे, त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

अ‍ॅव्हरेज घटल्याची तक्रार अलीकडे पेट्रोल गाडीवाले पुष्कळ करतात, आणि त्यात गाडीचा किंवा चालकाचाच दोष असतो असे नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. त्या मिश्रणासाठी तयार केलेल्या नव्या इंजिनांत ही घट बरीच भरून निघते, जुन्यांत अधिक जाणवते. आपण उसाच्या पट्ट्यात राहतो. याच इथेनॉलमुळे आपल्या कारखान्यांना साखरेखेरीज उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळाला आणि परदेशी तेलाची गरज काही अंशी कमी झाली, हे विसरून चालणार नाही. तरी ग्राहकाला लिटरमागे ऊर्जा कमी मिळत असेल, तर त्याचा विचार दरात झाला पाहिजे असे मला वाटते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून जुनी दुचाकी महिनोन्महिने त्याच पेट्रोलवर उभी ठेवू नये.

ऊस निघालाच आहे तर ट्रॅक्टरवाल्यांशी वेगळे बोलतो, कारण या सभेत सर्वांत जास्त इंधन वाचवू शकणारी माणसे तीच आहेत. १२०० किलोमीटरच्या धावेत २० चा अ‍ॅव्हरेज २२ झाला तर साडेपाच लिटर वाचतात. पण १० चा १२ झाला तर २० लिटर वाचतात. वाढ दोन्हीकडे दोनचीच आहे. म्हणून जी गाडी जास्त पिते, तिच्यातली छोटी सुधारणा मोठी ठरते. गळीत हंगामात कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत तास-दोन तास इंजिन चालू ठेवलेले ट्रॅक्टर मी रांगेने पाहतो. विचारले तर उत्तर येते, बॅटरी कमजोर आहे, बंद केला तर सुरू होणार नाही. हंगामभरात त्या रांगेत जळणाऱ्या डिझेलच्या पैशांत नवी बॅटरी येऊन वर पैसे उरतील. मोटार उभ्याने चालू ठेवली तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते. दोन ट्रॉल्यांत क्षमतेबाहेर ऊस भरून चढावर इंजिन धुरावर आणणे हीदेखील बचत नाही; काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, ज्याचे पैसे आपण मोजलेले असतात.

एसटीचा माणूस असल्याने एक हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिटरला साडेचार किलोमीटर जाणाऱ्या बसमध्ये ४० प्रवासी असतील, तर एका लिटरमध्ये १८० किलोमीटरचा माणसांचा प्रवास होतो. १५ चा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या मोटारीत एकटे गेलात तर १५, आणि चौघे गेलात तर ६०. कराडहून साताऱ्याला रोज एकाच वेळी कचेरीत येणारे चार शेजारी चार मोटारींनी येतात, तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, हळहळ वाटते.

आता तुम्ही सुरुवात कशी करावी ते सांगतो. गाडीच्या फलकावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा अंदाजापुरता ठीक आहे, पण हिशेब वहीत ठेवा. एकाच पंपावर टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुन्हा टाकी फुल कराल तेव्हा किती लिटर बसले ते लिहा आणि मधल्या किलोमीटरना त्याने भागा. महिन्याला १५०० किलोमीटर चालवणाऱ्याचा अ‍ॅव्हरेज १५ वरून १८ झाला, तर जवळपास १७ लिटर वाचतात. दर १०५ रुपये धरला तर ते साडेसतराशे रुपये होतात. पहिल्या तीन टाक्यांत काहीही बदलू नका, नुसते लिहा, म्हणजे तुमची खरी सवय कागदावर येईल. चौथ्या टाकीला एकच गोष्ट बदला. पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवा आणि पाय लवकर उचला. पुढच्या महिन्यात याच सभागृहात आपण पुन्हा भेटणार आहोत, तेव्हा येताना वही घेऊन या. ज्यांचा आकडा वाढला नसेल त्यांच्या गाडीत मी स्वतः शेजारी बसून कोरेगाव रस्त्यावर एक फेरी मारेन.