बुधवारी साडेसातला

बुधवार, संध्याकाळचे सव्वासात, कोथरूड. कर्वे रोडचं ट्रॅफिक टाळून गल्लीबोळातून आलेली मंडळी हॉलबाहेर गाडी लावायला जागा शोधतायत, आत सार्जंट ॲट आर्म्स, म्हणजे मीटिंगची शिस्त आणि मांडामांड बघणारा सदस्य, खुर्च्या सरळ करतोय, टेबलावर पितळी घंटा ठेवलीय. बरोबर साडेसातला ती वाजणार, चार जण आलेले असोत नाहीतर चाळीस. हा एक रोटरी क्लब आहे, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायातली माणसं एकत्र येऊन समाजाची कामं करतात ती संस्था, पुण्यात असे कितीतरी आहेत, आणि आज आपण कॅमेरा घेऊन याचा एक आठवडा बघणार आहोत. तोही मे महिन्यातला, म्हणजे अर्धं पुणं कोकणात नाहीतर गावी गेलेलं असतं तेव्हाचा.

दर आठवड्याला मीटिंग कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटतंच. पद्धत जुनी आहे. पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत तीन जणांना घेऊन पहिली बैठक केली, मग आज याच्या ऑफिसात, पुढच्या वेळी त्याच्या, असे आळीपाळीनं भेटत राहिले. २०१६ पासून महिन्यातून दोनदा भेटलं तरी चालतं, तशी मोकळीक सगळ्या क्लबांना आहे. या क्लबनं मात्र बुधवार सोडलेला नाही, आणि मला विचाराल तर इथलं निम्मं काम या हट्टामुळेच होतं. या बुधवारी सगळ्यांसमोर "मी बघतो" म्हणालात की पुढच्या बुधवारी सेक्रेटरी मॅडम वही उघडून विचारणारच, "काय झालं हो त्याचं?" व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून सुटका होते, इथे हातात चहाचा कप घेऊन समोरासमोर उभं राहिल्यावर होत नाही.

सुरुवात वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस यांनी होते. मग हॅपी बॉक्स फिरतो. कुणाच्या मुलीला ॲडमिशन मिळाली, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, कुणी नुसतं बऱ्याच दिवसांनी भेटलो म्हणून, शंभर पाचशे टाकायचे आणि दोन वाक्यं बोलायची. ते पैसे क्लबच्या कामात जातात. मला हा भाग फार आवडतो, कारण वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या माणसांना एकमेकांच्या घरचं कळतं ते इथेच.

आजचे पाहुणे एका रक्तपेढीतले डॉक्टर आहेत, विषय उन्हाळ्यातला रक्ताचा तुटवडा. कॉलेजं बंद, होस्टेलं रिकामी, ऑफिसातले लोक सुट्टीवर, आणि शिबिरं भरतात ती जास्त करून याच मंडळींच्या जिवावर. पण ऑपरेशनं, अपघात, बाळंतपणं सुट्टी घेत नाहीत. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच लागतं, मे असो की डिसेंबर. मग कुणीतरी विचारतं, जानेवारीतच जास्त गोळा करून ठेवलं तर? डॉक्टर म्हणतात, ठेवणार कुठे आणि किती दिवस, तांबड्या पेशी फ्रीजमध्ये ठेवून ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस, त्याही सतत हलत्या ट्रेवर. म्हणजे एकदाच मोठ्ठं शिबिर घेऊन फोटो काढले आणि झालं असं नाहीये हे, थोडं थोडं पण वर्षभर येत राहिलं पाहिजे. हॉलमध्ये जरा शांतता पसरते. आणि मग शेवटच्या रांगेतून आवाज येतो, "या रविवारीच घेऊ की." राष्ट्रगीत, घंटा, आणि फेलोशिप म्हणजे बटाटेवडा आणि चहा घेता घेता कामं वाटली जातात. हॉल कोण बघणार, सोसायट्यांच्या चेअरमनना फोन कोण करणार, बिस्किटं आणि कॉफी कुणाकडे.

गुरुवार-शुक्रवार फोनाफोनीत जातात, ते काही दाखवण्यासारखं नाही.

शनिवारी सकाळी मात्र आपण क्लबच्या रुग्णसाहित्य केंद्रात आलोय. केंद्र म्हणजे एका इमारतीच्या पार्किंगमधली खोली. हॉस्पिटलसारखा वरखाली होणारा पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, एअर बेड. घरातलं माणूस पडलं, हाड मोडलं की या वस्तू अचानक लागतात, नव्या घ्यायच्या तर महाग, आणि दोन महिन्यांनी त्या ठेवायच्या कुठे हा दुसरा प्रश्न. इथे डिपॉझिट भरायचं, वस्तू न्यायची, परत आणली की डिपॉझिट परत. रजिस्टर हातानं लिहिलेलं आहे, तारीख, वस्तू, फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात वस्तूची हालत. 'डावा ब्रेक ढिला.' 'रबर झिजलं.' हे लिहिणारे काका टेल्कोतून रिटायर झालेत, व्हीलचेअर परत आली की आधी उलटी करतात आणि दोन्ही चाकं हातानं फिरवून कान लावून ऐकतात. आवाज आला तर ती बाहेर जात नाही, कितीही नड असली तरी दुसरी देतात. आत्ता एक मुलगा वडिलांसाठी वॉकर न्यायला आलाय, काका त्यालाच वॉकर धरून उभा करतात आणि सांगतात, "बाबांचा हात खाली सरळ सोडला की मनगटाशी मूठ आली पाहिजे, तेवढी उंची लावायची, नाहीतर वाकून चालतील आणि पाठ धरेल." दुकानात एवढं कोण सांगतं?

रविवार. सकाळी नऊपासून रक्तदान शिबिर. रोटरॅक्टची, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबची, कॉलेजची पोरं, जी गावी गेली नाहीयेत ती, टेबलं लावतायत. फॉर्म, वजन, बीपी. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो. आणि मग ही पायरी बघा, नीट जवळून बघा. छोट्या भांड्यात निळं पाणी आहे, ते मोरचुदाचं द्रावण, द्राक्षबागेत फवारतात तोच मोरचूद. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब त्यात सोडायचा. थेंब झर्रकन तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, पुढे चला. वर तरंगत राहिला किंवा मधेच रेंगाळला तर आज देता येणार नाही.

या मुलीचा थेंब रेंगाळलाय. बँकेत नोकरी करते, पहिल्यांदाच द्यायला आलीय, घरून पोटभर नाश्ता करून, आणि तिचा चेहरा एकदम पडतो. बऱ्याच बायकांचं असंच होतं. क्लबमधल्या डॉक्टर ताई तिला बाजूला घेऊन बसतात, काय खाते, पाळीत रक्त किती जातं, दमल्यासारखं वाटतं का, सगळं विचारतात आणि आपल्या डॉक्टरांकडे जाऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करून घे म्हणतात. माझ्या मते हे काम त्या भरलेल्या बॅगेइतकंच महत्त्वाचं आहे. तिला आज कळलं, नाहीतर अशक्तपणा म्हणजे दगदग असं समजून अजून दोन वर्षं काढली असती.

बाकीचे खाटेवर. ३५० मिली, वजन जास्त असेल तर ४५०, पाच-दहा मिनिटांचं काम. मग कॉफी, बिस्किटं आणि थोडा वेळ सक्तीनं बसणं, इथे रोटरॅक्टची एक मुलगी पहारा देते, कुणालाही लगेच उठू देत नाही.

नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या या आजी क्लबच्या सगळ्यात जुन्या महिला सदस्यांपैकी एक. रोटरीत जगभर बायकांना सदस्यत्व खुलं झालं १९८९ मध्ये, त्याआधी कितीही काम केलं तरी त्या कुणाच्या तरी मिसेस म्हणूनच यायच्या. पल्स पोलिओच्या रविवारी त्या बूथवर बसायच्या, पोराला दोन थेंब पाजायचे आणि डाव्या हाताच्या करंगळीवर शाईची खूण करायची. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. आजी म्हणतात, आम्ही काय फार मोठं केलं नाही, रविवार दिले. एवढे रविवार दिले म्हणून झालं ना ते आजी, असं मला कॅमेऱ्यामागून म्हणावंसं वाटत होतं, आणि मी म्हटलंही.

आता पुन्हा बुधवार. सेक्रेटरी मॅडमची वही उघडलीय. शिबिराचा हिशोब होतो, दात्यांची यादी दोन भागांत करतात, कारण पुरुषांना परत ९० दिवसांनी देता येतं आणि बायकांना १२० दिवसांनी, त्या त्या तारखेला फोन जाणार. लगेच पुढचा विषय, पालखी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला माऊलींची आळंदीहून, आणि पुण्यात दोन रात्री मुक्काम, माऊलींचा भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. पायाला फोड, भेगा, अंगदुखी, जुलाब, वारकऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या, तेव्हा औषधं कुणी आणायची, तेल लावून पाय चोळून द्यायला कोण कोण येणार, डॉक्टरांच्या पाळ्या कशा, यावर वाद चालू झालाय. दोघं जण तावातावानं बोलतायत, एकाला भवानी पेठेत बसायचंय, दुसऱ्याला नाना पेठेत. शेवटी दोन्हीकडे टेबल लावायचं ठरतं, आणि मॅडम दोघांची नावं लिहून घेतात, म्हणजे आता सुटका नाही.

तुमच्या भागातही असा एखादा क्लब असेल, पाहुणा म्हणून मीटिंगला जाता येतं, आधी फक्त एक फोन करा. आणि हो, घरी माळ्यावर आजोबांचा वॉकर किंवा व्हीलचेअर पडून असेल तर पुसून, ब्रेक चालतोय का बघून जवळच्या रुग्णसाहित्य केंद्रात नेऊन द्या, शनिवारी सकाळी तिथे कुणी ना कुणी न्यायला आलेलं असतंच.