बाबांचा खांदा आणि साडेतीन किलोची रायफल

[दृश्य: नागपूर, धरमपेठ. घराची गच्ची, सकाळ.]

झाडूच्या दांड्याला साडेतीन किलो गव्हाची पिशवी बांधली आहे. बाबांनी दांडा रायफलीसारखा उजव्या खांद्याला लावलाय. मी मोबाईलवर सेकंद मोजतेय. अकराव्या सेकंदाला कोपर खाली येतं.

"काऊन थांबवलं? धरतो ना मी अजून!"

"नाही बाबा, ठेवा खाली. तुमचा चेहराच सांगतोय."

गेल्या वर्षी बाबांच्या खांद्याच्या फाटलेल्या स्नायूचं ऑपरेशन झालं. आता माझा भाऊ टेक्सासला बोलावतोय, नोव्हेंबरातल्या हरणांच्या हंगामाला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. तिकडे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती करता येते. कॉलेजात एनसीसीत बाबांनी .२२ बोअरची रायफल झाडली होती, तेव्हापासूनची ही हौस. डॉक्टरांनी हो म्हटलं, पण एका अटीवर: खांद्याला हिसका बसता कामा नये.

[दृश्य: जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिल.]

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे लाथ मारते. ही लाथ किती, हे मोजता येतं. ३.६ किलोच्या रायफलीतून .३०-०६ नावाच्या काडतुसाची १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुटली की साधारण २६ जूलचा (जूल म्हणजे ऊर्जेचं माप) धक्का बसतो. तेवढ्याच वजनाच्या रायफलीतून .२४३ विंचेस्टर या काडतुसाची १०० ग्रेनची गोळी झाडली, तर १२ जूलच्या आसपास. अर्ध्याहून कमी! आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, माफक अंतरावर, नेम नीट असेल तर ती पुरते. जनावर जखमी होऊन पळालं तर दोष नेम धरणाऱ्याचा, आणि लाथेची भीती बसलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. म्हणून मी काडतुसापासूनच सुरुवात केली.

मग वजन. इथेच बाबांची अडचण दुहेरी आहे. रायफल जड असली की लाथ कमी. तेच .३०-०६ पावणेतीन किलोच्या रायफलीतून झाडलं तर धक्का सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पण जड रायफल उचलायची तर त्याच खांद्याने! दुकानात हलकी रायफल हातात घेऊन "वा, फूल आहे फूल" म्हणणाऱ्याला हे कळत नाही. काडतूस सौम्य घ्यायचं, वजन मधलं ठेवायचं, आणि रायफलीचा भार तिपाईवर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर टाकायचा. पालथं झोपून मात्र झाडायचं नाही. तसं झोपलं की अंग मागे सरकत नाही, आणि सगळी लाथ खांद्याच्या हाडात जाते. बसून झाडलं तर धड थोडं मागे झुलतं, धक्का वाटला जातो.

नळीच्या टोकाला बसवायचा ब्रेकही मिळतो. लाथ कमी होते, पण आवाज इतका कर्कश वाढतो की बाबांच्या कानांसाठी मी तो नकोच म्हटलं. कुंद्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाला, जाड रबरी गादी मात्र हवीच.

[दृश्य: बाबांचा वाकवलेला हात, टेलरची पट्टी.]

कुंद्याची लांबी बहुतेक जण बघतच नाहीत. लांब कुंदा खांद्यावर जागच्या जागी बसत नाही. तो बसायला हवा छातीच्या स्नायूच्या खोलगटात. कोपर काटकोनात वाकवायचं आणि कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं. बाजारात साधारण साडेतेरा इंचाचे कुंदे असतात. बाबांचं माप तेरा इंच भरलं. त्यांनी ते दोनदा मोजायला लावलं.

सरावासाठी बाबा सध्या रेंजवर हवेची रायफल झाडतात, स्प्रिंगची नाही, दाबलेल्या हवेची. स्प्रिंगवाली पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते. दाबलेल्या हवेच्या रायफलीची लाथ जाणवतही नाही. रायफल टेबलावर टेकवलेली, आणि एका बैठकीला वीसच गोळ्या.

रात्री बाबांनी भावाला संदेश पाठवला: "तेरा इंच. .२४३. आणि तिपाई विसरू नको."