रुग्णाचे ऐकावे कसे आणि सिस्टरांना सांगावे कसे

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, जनरल ड्युटी असिस्टंटच्या, म्हणजे वॉर्डात सिस्टरांना रुग्णसेवेत मदत करणाऱ्या सहाय्यकाच्या, प्रमाणपत्रासाठी तुमची लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा होईल. बहुतेकांची तयारी अंथरूण घालणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, हात धुण्याच्या पायऱ्या यांवर चालते आणि संवादकौशल्याचा धडा शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवला जातो. मला मात्र तो बाकीच्या सगळ्या धड्यांत मिसळलेला दिसतो. बेडपॅन देताना पडदा ओढला का, काय करणार ते आधी सांगितले का आणि रुग्णाचा होकार येईपर्यंत थांबलात का, हे सगळे त्या एकाच कामाचे भाग आहेत.

सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. आपल्या सिंधुदुर्गात एकाच वॉर्डात तीन सावंत असणे नवलाचे नाही. अशा ठिकाणी ‘तुम्ही सावंत ना?’ असे विचारले, तर गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूसही मान डोलावतो. म्हणून ‘तुमचे पूर्ण नाव सांगता का?’ असे विचारावे आणि ते केस पेपरवरच्या किंवा मनगटपट्टीवरच्या नावाशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे. त्यानंतर आजी, काकी, दादा असे जे त्यांना आवडेल ते खुशाल म्हणा.

आता प्रश्न विचारण्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण सर्वांत जास्त माहिती इथेच निसटते. ‘दुखत नाही ना?’, ‘जेवलात ना?’ असे प्रश्न आपण मायेने विचारतो. पण त्यांचे उत्तर प्रश्नातच दिलेले असते. आयुष्यभर शेतात राबलेली आजी पोरीला त्रास नको म्हणून ‘काय नाय गो, बरी आसंय’ असे म्हणून मोकळी होते. तिला कुशीवर वळवताना मात्र तिच्या कपाळाला आठी पडते आणि हात खाटेचा कठडा घट्ट धरतो. तिथे थांबा. ‘कुठे दुखते?’, ‘कधीपासून?’, ‘वळल्यावर वाढते का?’ असे एका वेळी एकच विचारा आणि उत्तराला वेळ द्या. कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. समोर, उजेडात उभे राहून, खालच्या पट्टीत, सावकाश बोला. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

खाण्यापिण्याची चौकशीही अशीच नेमकी हवी. शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाचा तक्ता भरताना पाणी आणि चहा लिहिला जातो, पण सकाळी घरून आलेली पातळ पेज, दुपारची सोलकढी आणि नातेवाइकांनी आणलेले शहाळे राहून जाते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या रक्तात ते साठले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ‘बाहेरचे काही दिले का?’ असे दरडावून विचारू नये, कारण दटावलेला नातेवाईक पुढच्या वेळी लपवून देतो. ‘सकाळपासून काय काय घेतले, पेल्याने की वाटीने?’ असे विचारले की सगळे समोर येते. ते सिस्टरांना ताबडतोब कळवायचे. काय चालेल आणि काय नाही, हे सांगणे त्यांचे आणि डॉक्टरांचे काम आहे.

पक्षाघाताच्या रुग्णाशी बोलताना मात्र उत्तर मोकळे ठेवणारे प्रश्न विचारण्याचा हा नियम उलटवावा लागतो. उजवी बाजू लुळी पडलेल्यांपैकी अनेकांची वाचाही जाते, कारण बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रे डाव्या भागात असतात. समजही थोडीफार कमी झालेली असू शकते, पण कित्येकांना समोरचे बोलणे बरेचसे कळते. तिथे हो किंवा नाही एवढ्यावर भागेल असे छोटे प्रश्न विचारावेत आणि होकारासाठी चांगल्या हाताने बोट दाबण्याची खूण ठरवून घ्यावी. त्यांच्या खाटेशी उभे राहून ‘यांना काही कळत नाही’ असे बोलणे अत्यंत क्रूर आहे, आणि ते मी वॉर्डात ऐकलेले आहे.

ऐकलेले पुढे पोहोचवताना स्वतःचा निष्कर्ष त्यात मिसळू नका. ‘आजींचे बीपी लो झाले वाटते’ यातून सिस्टरांना फारसे काही कळत नाही. ‘7 नंबरच्या आजींना 10 वाजता उठवून बसवले तेव्हा त्या “माका घेरी इली” म्हणाल्या, अंगाला घाम होता, मी लगेच आडवे केले, आता बोलत आहेत, तुम्ही येऊन पाहाल का?’ यात वेळ, घटना, रुग्णाचे शब्द, तुम्ही केलेली कृती आणि तुमची विनंती असे सारे येते. सिस्टरांनी तोंडी सूचना दिली तर ती त्यांना परत म्हणून दाखवा. ड्युटी बदलतानाही हीच शिस्त पाळा. कोणाला किती वाजता कोणत्या कुशीवर वळवले, हे पुढच्या पाळीला न कळल्यास रुग्ण तासन्‌तास एकाच अंगावर पडून राहतो.

आणखी एक गोष्ट कोकणात हमखास घडते. आई इथल्या रुग्णालयात असते, मुलगा मुंबईत असतो, आणि आईच्या मोबाइलवर तो तुम्हालाच विचारतो, ‘रिपोर्टमध्ये काय आले?’ त्याची काळजी खरी असते, म्हणून तुटक उत्तर देऊ नका. पण रिपोर्टही सांगू नका आणि ‘सगळे ठीक आहे’ असा धीरही देऊ नका. डॉक्टर राऊंडला केव्हा येतात ते सांगा, सिस्टरांशी बोलण्याची वेळ विचारून द्या, आणि त्याने नेमके काय विचारले ते सिस्टरांच्या कानावर घाला, म्हणजे राऊंडच्या वेळी तो प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवता येईल.