आगोटीआधीचं लायसन

(दृश्य: कुडाळ तालुक्यातलं चिऱ्याचं, कौलारू घर. ओल्या खळ्यातून कॅमेरा पडवीत शिरतो.)

ही आमची पडवी. पूर्वी इथे नारळ रचलेले असायचे. आता भिंतींना काथ्याच्या चटया आणि जुन्या गोधड्या, कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप. चतुर्थीच्या आधी दीड-दोन महिने भजनी मंडळी इथे रेकॉर्डिंगला येतात. पाऊस कौलांवर वाजायला लागला की थांबायचं, उघडीप मिळाली की पुन्हा "हां बुवा, घ्या."

(दृश्य: पखवाजाचं डावं तोंड, त्यावर कणीक थापणारी बोटं.)

पखवाजी कणीक लावतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप. तेवढ्या वेळात मी आदल्या दिवसाचं काम उघडतो. एका श्रावणात ते उघडलं, तर बुवांच्या आवाजामागचा सगळा घुमारा गायब. पडद्यावर चौकट आली: लायसन तपासता येत नाही, इंटरनेट जोडा. गावात दोन दिवस लाईट नव्हती, टॉवरही बंद. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालला होता, पण नेट आणणार कुठून?

"काय झाला रे?" बुवांनी विचारलं.
"लायसन मागता, बुवा."
"पैशे दिलंस मा?"
"दिलंय."
"मगे?"

त्या "मगे"चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मंडळी पेटी गुंडाळून भिजत घरी गेली. आज ते उत्तर देतो.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, रांगेत मांडलेले ट्रॅक.)

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर किंवा प्लगइन (त्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आपण पखवाजासारखं विकत घेत नाही. मिळते ती वापरायची परवानगी. ती परवानगी कुठे राहते आणि कोण, किती दिवसांनी तपासतं, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. पुण्या-मुंबईत ते जाणवत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर रोज जाणवतं.

बुवांच्या आवाजाला घुमारा देणारं माझं प्लगइन महिन्याच्या वर्गणीचं होतं. ठराविक दिवसांनी त्याला कंपनीच्या सर्व्हरचा होकार लागायचा. नेमका त्या दिवशी मिळाला नाही. अटींत ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

काही प्लगइन परवानगी सांभाळायला आयलॉक नावाची व्यवस्था वापरतात. त्यात कंपनीने मुभा दिली असेल तशी परवानगी तीन जागी ठेवता येते: पेनड्राइव्हसारख्या यूएसबीच्या चावीत, मशीनमध्ये म्हणजे लॅपटॉपमध्येच, किंवा क्लाउडवर. क्लाउडवाल्याला काम चालू असेपर्यंत नेट लागतं. इथल्या माणसाने ती वाट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चावी नेटशिवाय चालते, पण ती हरवली तर परवानगीही अडकते. शिवाय खारा वारा धातूला सोडत नाही. मी माझी चावी तांदळाच्या डब्यात ठेवतो. क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठीही वर्षानुवर्षं अशीच चावी लागायची. २०२२ च्या क्यूबेस १२ पासून ती गेली आणि परवानगी खात्याशी जोडली गेली.

त्या श्रावणानंतर मी मुख्य काम रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर आणलं. ६० दिवस ते पूर्ण वापरून बघता येतं, काहीही बंद नसतं. मग लायसन ६० डॉलरचं. धंद्याची वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या वर असेल तर २२५ डॉलरचं. सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच, माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवलेला. लायसन म्हणजे एक छोटी फाइल. एकदा दिली की नेट विचारत नाही. सातव्या आवृत्तीत घेतलेलं आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतं. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा पैसे भरले की पुढच्या आवृत्त्या फुकट. आणि हातात काहीच नसेल तर सर्ज एक्सटी हा सिंथ, म्हणजे संगणकावर सूर तयार करणारं वाद्य, मोफत आहे, मुक्त स्रोताचा आहे, आणि फार चांगला आहे.

वर्गणीला सरसकट वाईट म्हणत नाही. एका अल्बमपुरतं महागडं काही हवं असेल तर महिनाभर घ्यावं. पण कायमचं लायसन मिळण्याची सोय राहायलाच हवी. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या प्लगइनच्या कंपनीने फक्त वर्गणीच ठेवायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरचे वापरणारे इतके चिडले की थोड्याच दिवसांत कंपनीने कायमची लायसन्स परत आणली.

(दृश्य: बाजारपेठेतली बँक, छत्र्या, कार्ड हातात घेतलेला तरुण.)

पैसे भरणं हीसुद्धा इथे एक चढण. दुकान परदेशी, यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालत नाही. २०२० पासून नवं कार्ड परदेशी खरेदीसाठी बंद अवस्थेतच येतं, ते आपण चालू करून घ्यायचं. किमतीवर १८ टक्के जीएसटी बहुतेकदा शेवटच्या पानावर चढतो, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. ६० डॉलर म्हणून जो आकडा मनात धरलेला असतो, तो नव्हे.

म्हणून पोरं पेनड्राइव्हवरून क्रॅक, म्हणजे लायसन तोडलेली चोरीची प्रत, घेतात. मीही घेतलेत, पहिली तीन वर्षं. पैसे नसताना दुसरं सुचत नाही, हे मला माहीत आहे. पण कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमाखाली माहीत असून चोरीची प्रत वापरणं हा गुन्हा आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी बुवांनी चार रात्री जागून बसवलेली चाल मी क्रॅकच्या भरवशावर ठेवली होती. एका क्रॅकबरोबर व्हायरस आला आणि एका मंडळाचं अख्खं रेकॉर्डिंग गेलं. त्यातले पेटीवाले आजोबा आता नाहीत.

(दृश्य: वैशाखाचं ऊन. छपरावर कौलं सारखी करणारे गडी, खळ्यात वाळत घातलेले सोले.)

आमच्याकडे आगोटीआधी, म्हणजे पाऊस लागण्याआधी, बेगमी करतात. कौलं सारखी करायची, लाकडं आत घ्यायची, मीठ-मिरची भरायची. त्याच दिवसांत मी लॅपटॉप घेऊन कुडाळला मित्राच्या दुकानात जातो, तिथे नेट चांगलं आहे. प्रत्येक प्लगइन उघडतो, होकार मिळवून घेतो, ज्याला मशीनवर परवानगी ठेवता येते त्याची मशीनवर आणतो. अपडेट त्याच दिवशी, नंतर चतुर्थी होईपर्यंत एकही नाही. जी कामं अर्धवट आहेत त्यांचे ट्रॅक घुमाऱ्यासारख्या परिणामांसकट साध्या वेव्ह फाइलमध्ये, म्हणजे नुसत्या आवाजाच्या फाइलमध्ये, उतरवतो. वेव्ह फाइल कुणाला लायसन विचारत नाही.

(दृश्य: दोनशे पानी वही. पानावर तारखा, खात्याचा ईमेल, लायसनचे क्रमांक.)

मग हे सगळं या वहीत. लॅपटॉप भिजला, चोरीला गेला, तरी कंपनीला काय विचारायचं ते इथे आहे.

(दृश्य: पडवी. बाहेर धो धो पाऊस, आत हेडफोन लावलेले बुवा.)

यंदा आषाढात पुन्हा दोन दिवस लाईट गेली. बुवा आले, कालचं काम उघडलं. घुमारा जागेवर होता.

"वाजता मा?"
"वाजता, बुवा."

उघडीप व्हायची वाट बघत आम्ही बसून राहिलो.