अनशापोटी कॉफी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात रामबागेतल्या एक काकू हातात मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. मी आहारतज्ज्ञ, त्यामुळे असे मोबाईल माझ्यापुढे नेहमीच येतात. चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "हे वाच आणि खरं काय ते सांग बाई. आमच्या ह्यांनी परवापासून कॉफी सोडलीय आणि घरात कुणाशी धड बोलत नाहीयेत." मजकूर असा होता: सकाळी अनशापोटी कॉफी घेतली तर पोटातलं आम्ल आतड्यांना भोकं पाडतं. खाली लाल अक्षरांत, लगेच पुढे पाठवा.

आधी काकांचं सांगते. रोजची कॉफी एकदम बंद केली की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. कॅफिनची सवय मोडतानाची ही ठरलेली लक्षणं आहेत. कमी करायची असेल तर अर्धा कप, मग पाव कप, असं आठवडाभरात करावं. काका कुणावर रागावलेले नव्हते, त्यांचं डोकं ठणकत होतं, एवढंच.

आता त्या भोकांकडे वळू. कॉफी पोटात गेली की जठरातलं आम्ल वाढतं, हे खरं आहे. गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक जास्त पाझरतं आणि ते आम्ल तयार करायला लावतं. गंमत म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीनंही हे होतं, म्हणजे सगळा दोष कॅफिनच्या माथी मारता येत नाही. पण आम्ल वाढणं वेगळं आणि व्रण पडणं वेगळं. जठराला आतून चिकट थराचं अस्तर असतं, ते रोज ह्याच आम्लाशी सामना करत असतं. अल्सर मुख्यतः दोन कारणांनी होतो. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि दुसरं म्हणजे दुखणं थांबवायच्या काही गोळ्या वरचेवर घेणं. जिवाणूची गोष्ट इतर डॉक्टरांना पटेना, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल ह्या डॉक्टरांनी १९८४ साली तो जिवाणू वाढवलेला द्रव स्वतःच पिऊन टाकला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. पुढे २००५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तेव्हा गुडघेदुखीची गोळी उपाशीपोटी गिळून वर कॉफी पिणाऱ्यानं कॉफीकडे बोट दाखवू नये.

मग कॉफीनं कुणालाच त्रास होत नाही का? होतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. काही जणांची ती झडप कॉफीनं सैल पडते आणि आंबट पाणी घशाशी येतं. काहींना छातीत धडधडतं, हात थरथरतात, कारण रिकाम्या पोटातून कॅफिन भराभर रक्तात उतरतं. एरवी पोटात काही असेल तर तेच जरा सावकाश जातं. ज्याला हे होतं त्यानं कॉफी खाण्यानंतर घ्यावी. ज्याला वर्षानुवर्षं काही होत नाही, त्याला मी उगाच भीती घालणार नाही.

आणि हो, कॉफी घेतल्याशिवाय ज्यांना 'जाऊन' येता येत नाही, त्यांची कुणी चेष्टा करू नका. १९९० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ह्यावर निबंधच प्रसिद्ध केला आहे. विचारलेल्या तरुणांपैकी २९ टक्के म्हणाले की कॉफीनं शौचाची भावना होते, आणि असं म्हणणाऱ्यांपैकी काहींचं मोजून पाहिलं तर मोठ्या आतड्याची हालचाल चार मिनिटांत वाढलेली दिसली.

पण सकाळच्या पित्ताबद्दल बोलायचं तर आपण इंदूरकरांनी आधी रात्रीचा हिशोब द्यायला हवा. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे जी खाऊगल्ली जागी होते, तिचा मलाही अभिमान आहे. पाहुणे आले की मीच त्यांना घेऊन जाते. पण रात्री साडेअकराला भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेले गराडूचे कंद, वर तो झणझणीत मसाला, शेवटी जलेबी, आणि साडेबाराला आडवं व्हायचं! जेवणानंतर निदान दोन-तीन तास तरी आडवं होऊ नये. सकाळी करपट ढेकर येतात तेव्हा समोर कॉफीचा कप असतो म्हणून आळ त्याच्यावर येतो. रात्रीच्या गराडूला कुणी काही विचारत नाही.

माझी कॉफीबद्दलची खरी तक्रार वेगळीच आहे. ती भूक मारते. आपल्याकडची मराठी कॉफी म्हणजे अर्ध्याहून जास्त दूध, दोन चमचे साखर आणि वर किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचलीत तर त्यात बहुधा चिकोरीही असते, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड. आपल्या नियमांप्रमाणे ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि तिच्यात कॅफिन नसतं. म्हणजे कॅफिन बेताचं, पण दूध-साखरेनं पोटाला खोटा आधार. सातला एक कप, नऊला निघताना दुसरा. डबा भरताना, मुलांना बसस्टॉपवर सोडताना खायचं राहूनच जातं. हे बायकांचं जास्त होतं, पुरुषांना निदान बशी हातात मिळते. अकराला मग पोटात कावळे कोकलतात आणि समोर येते ती कचोरी.

ह्यात भर म्हणून झोपमोडीचं सांगते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात २९ निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. रात्री दर तासाला उठवून झोपमोड केली आणि सकाळी साखरेचं पाणी दिलं, तर रक्तातली साखर नेहमीपेक्षा फारशी वेगळी वागली नाही. पण त्याच झोपमोडीनंतर, साखरेच्या पाण्याच्या अर्धा तास आधी, कडक काळी कॉफी दिली तेव्हा साखरेची उसळी जवळजवळ निम्म्यानं वाढली. प्रयोग लहान आहे, एका सकाळचा आहे, आणि वर्षानुवर्षं कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह कमी आढळतो असं मोठ्या पाहण्या सांगतात, हेही मी लपवत नाही. तरी रात्रभर बाळानं जागवलंय, सकाळी कडक कॉफी आणि लगेच पोहे-जलेबी, हा क्रम मी माझ्यापुरता बदलला आहे. त्या दिवशी आधी पोहे, कॉफी मागून. जलेबी? बघू.

पोह्यांवरून आठवलं. इथे उलटा मामला आहे, नीट ऐका. लोह अंगी लागण्यात चहा-कॉफी आडवी येतात. १९८३ सालच्या एका अभ्यासात जेवणाबरोबरच्या कॉफीनं लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहानं तर ६४ टक्क्यांनी. जेवणानंतर तासाभरानं घेतलेल्या कॉफीनंही तेवढंच नुकसान झालं. पण जेवणाआधी एक तास घेतलेल्या कॉफीनं काहीच बिघडलं नाही. म्हणजे ज्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आहे आणि पोटाची काही तक्रार नाही, तिनं सहाला कॉफी पिऊन सातला पोहे खाल्ले तर ते पोह्यांबरोबर कॉफी घेण्यापेक्षा बरं! पोह्यांवर आपण लिंबू पिळतो ते नुसतं चवीसाठी नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. एका हातानं लिंबू पिळायचं आणि दुसऱ्या हातात कॉफीचा कप धरायचा, ह्याला काय म्हणावं?

इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवतात, तेल कमी लागतं, पोटाला हलके असतात. वर सेव आणि जिरावण मसाला पडतो तिथे गणित बदलतं, पण ते सोडा. पोह्यांत उणीव आहे ती प्रथिनांची. म्हणून घरी करताना मूठभर शेंगदाणे घाला, तीस ग्रॅम दाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मोड आलेले मूग वाफवून घाला, किंवा शेजारी वाटीभर दही ठेवा. रोज पोहेच पाहिजेत असंही नाही. मुगाचं धिरडं, थालीपीठ, दुधातलं सातूचं पीठ. आणि घाईच्या दिवशी रात्रीच्या पोळीचा कुस्करा, भरपूर कांदा घालून, ह्याला तोड नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र नाश्ता टाळून कॉफीवर भागवू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ उपाशीपोटी रक्ताची साखर तपासायला गेले. आकडा १३८ आला. घरात हलकल्लोळ. मी विचारलं, सकाळी काय घेतलं होतं? "काही नाही, कडकडीत उपास. फक्त कॉफी." दूध-साखरेची! अशा तपासणीआधी आठ तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं, काळी कॉफीसुद्धा नाही. चार दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, ९४.

गरोदर बायकांनी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहावं, इतर निरोगी मोठ्यांनी ४०० च्या, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली सांगितलं. यंत्रावर गाळलेल्या मोठ्या कपात साधारण ९५ असतं, घरच्या झटपट कॉफीत साधारण ६०. चहातलंही ह्यात धरायचं.

शेवटी आमच्या घरातलंच. सासूबाईंना थायरॉईडची गोळी आहे. तीन वर्षं त्या ती कॉफीच्या घोटाबरोबर घेत होत्या, आणि डोस वाढतच होता. कॉफी त्या गोळीला नीट शोषू देत नाही. ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबायचं. मी आहारतज्ज्ञ, आणि माझ्याच घरात हे चाललंय ह्याचा मला पत्ता नव्हता. एकदा पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा दिसलं. "अहो आई, गोळी कॉफीबरोबर?" तर म्हणाल्या, "कडू लागते गं नुसती."

आता गोळी आणि तांब्या उशाशी असतो. पाचला गोळी, सहाला कॉफी. मधला तास त्या जायफळ हातात घेऊन ओट्यापाशी बसलेल्या असतात, आणि घड्याळ पाच मिनिटं पुढे कुणी केलं ते मी अजून विचारलेलं नाही.

नमस्कार.