पवळ्या आणि साखरेचं दावं

श्रोते हो, नमस्कार.

पोळ्याचा दुसरा दिवस. पावसाने तीन आठवडे दडी मारलेली, धुऱ्यापलीकडच्या वावरातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथेच करपलेली. आमचा पवळ्या दावं तोडून तिच्यात शिरला. मी तेव्हा नववीत होतो. आबाजींना बोलवायला धावलो आणि परत येतो तर पवळ्या आडवा! तोंडाला फेस, भात्यासारखी धाप, पाय ताठ. शिंगांवर आदल्या दिवशीचा बेगड तसाच चमकत होता. आबाजी एवढंच बोलले, "कोवळी ज्वारी बाधली रे बाप्पा."

गुरांचे डॉक्टर शेजारच्याच गावी आले होते, म्हणून निभावलं. त्यांनी मानेच्या शिरेत एकापाठोपाठ दोन औषधं सोडली. पवळ्याचं डोकं मी मांडीवर घेऊन बसलो होतो. बऱ्याच वेळाने त्याने कान हलवला. कान हलवला हो! आबाजींना मी रडताना पाहिलं ते त्या एकाच दिवशी.

हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "इष पानात साखरेच्या दाव्यानं बांधून असते. ढोरानं चावलं का दावं सुटते."

साखरेचं दावं! तेव्हापासून हा शब्द माझ्या मनात आहे. ज्वारीतल्या त्या पदार्थाचं नाव धुरिन. डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी तो 1902 मध्ये शोधला. एका बाजूला ग्लुकोज, दुसऱ्या बाजूला सायनाइड दडवलेला भाग. पान चावलं की पानातलंच एन्झाइम साखर तोडतं आणि विष मोकळं होतं. वाळलेल्या कडब्यातून ते बरंचसं उडून जातं. कडब्यावरून आठवलं, सगळं वावर सोयाबीनला देऊन ढोरांसाठी कडबा विकत आणायचा, हे मला अजिबात पटत नाही. दोन ओळी तरी ज्वारीच्या ठेवा.

तर अशी साखर बांधलेले रेणू वनस्पतींमध्ये हजारोंनी आहेत. औषधांच्या शोधात ही साखर ओळखायचं काम कॉम्प्युटर करतो. तो ती ओळखतो कशी? चवीने नाही, आकाराने. तो अणूंचं कडं शोधतो. कड्यात पाच, सहा किंवा सात अणू, त्यात ऑक्सिजन एकच, बाकी सगळे कार्बन. पुन्हा सांगतो, ऑक्सिजन एक, बाकी कार्बन. मग तो कड्याला बाहेरून एकेरी बंधाने लागलेले ऑक्सिजन मोजतो. कड्यातल्या अणूंच्या निम्मे तरी भरले, तर ती साखर. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी 2020 मध्ये असा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. तो साखर ओळखतो आणि सोडवून बाजूला काढतो. औषधी गुण पुष्कळदा उरलेल्या भागात असतो, म्हणून औषध शोधणाऱ्यांना तो भाग वेगळा हवा असतो.

घरात बारावीचं लेकरू असेल तर त्याला धुरिनचं चित्र काढायला सांगा. दोन कडी दिसतील, दोन्ही सहा अणूंची. एकात नुसते कार्बन, ते सोडा. दुसऱ्यात एक ऑक्सिजन. त्या कड्याला बाहेरून थेट चिकटलेले ऑक्सिजन बोट ठेवून मोजा. चार भरतील.