वाळूवरची वेटोळी कुणाची?

ओहोटी लागलीय, पाणी पार लांब गेलंय आणि ओल्या वाळूवर बघाल तिकडे टूथपेस्ट पिळून ठेवल्यासारखी वेटोळी. बरेच जण यालाच किडा समजून फोटो काढतात. किडा नाहीये हो, त्याची शी आहे ती.

हा लगवर्म, वाळूत बीळ करून राहणारा समुद्री किडा. वाळूच गिळतो, त्यातलं खाण्यासारखं असेल ते पचवतो आणि उरलेली वाळू मागच्या बाजूने वर ढकलतो. आता वेटोळ्यापासून वीतभर लांब नजर टाका, छोटा खळगा दिसतोय? तिथली वाळू आत खचतेय कारण खाली त्याचं तोंड आहे, आणि या दोन खुणांच्या मधे इंग्रजी यू सारखं बीळ, साधारण २० ते ४० सेंटिमीटर खोल. त्यामुळे लगेच फावडं मारू नका, आधी खळगा शोधा.

हातावर घेतला की पुढचा भाग जाड, मधे दोन्ही बाजूंना लाल झुपके, ते त्याचे कल्ले, १३ जोड्यांच्या आसपास. लाल कशामुळे, तर हिमोग्लोबिन, आपल्या रक्तात असतं तेच. शेपटीला मात्र ना कल्ले ना केस, नुसती वाळू भरलेली नळी.

पण अशीच वेटोळी एकॉर्न वर्म पण टाकतो आणि इथे भलेभले फसतात. मी पण फसलोय. त्याला केस नाहीत, कल्ल्यांचे झुपके नाहीत, पुढे सोंडेसारखा भाग, मग कॉलरसारखं कडं, मग लांब लिबलिबीत धड जे उचलतानाच तुटतं. आणि वास! आयोडीनसारखा, हाताला लागला की लवकर जात नाही. बघायला गांडुळासारखा, पण नातं गांडुळापेक्षा आपल्याशी जवळचं.

बाकीचे त्यामानाने सोपे. वाळूच्या कणांची नळी आणि तिच्या टोकाला झालर असली तर सँड मेसन. चपटा, बाजूंनी वल्ह्यांसारखे पाय आणि पाठीवर लाल रेघ असली तर रॅगवर्म, हा जबडा बाहेर काढून चावतो बरं का. अंगावर एकही वलय नाही आणि रबरासारखा ताणतोय, मग रिबन वर्म. नेमकी प्रजाती मात्र वाळूत उभं राहून सांगता येईलच असं नाही, त्याला मायक्रोस्कोपखाली केस, जबडे बघावे लागतात.

चला, हातातल्या लगवर्मला परत सोडू. डोकं खाली घालून कसा शिरतोय बघा. आणि थांबा, कॅमेरा इकडे, बाजूचं वेटोळं हललं, ताजी वाळू वर येतेय.